ठिपक्यांचे गणित

सत्यजित राय यांचे आजोबा आणि ‘गुपी गाइन बाघा बाइन’ या कथेचे मूळ लेखक, एवढीच उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांची ओळख महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांना असते. बंगालमध्ये ती अर्थातच याहून मोठी आहे. तेथील कित्येक पिढ्या त्यांनी सांगितलेल्या रामायण-महाभारतावर आणि टुनटुनी पाखराच्या गोष्टींवर वाढल्या. परंतु एकोणिसावे शतक संपत असताना लंडनच्या मुद्रण व्यवसायातील जाणकारांना ठाऊक असलेले उपेंद्रकिशोर निराळे होते. कधीही विलायतेला न गेलेला, कोणत्याही तंत्रशाळेत न शिकलेला, कलकत्त्यातील एका गल्लीत कॅमेरा आणि आम्लाची पात्रे मांडून बसलेला हा गृहस्थ, छायाचित्र छापील पानात नेमके कसे उतरवावे याविषयी लंडनहून निघणाऱ्या वार्षिकात लिहीत होता. आणि त्या व्यवसायात मुरलेली मंडळी ते गांभीर्याने वाचत होती.

आज संगणकावर पुस्तकाचे पान लावणाऱ्याला चित्राची फाइल हाती घेताना काही गोष्टी विचाराव्याच लागतात. चित्र किती मोठे छापायचे, कोणत्या कागदावर, दर इंचाला किती ठिपके, रेखाचित्र आहे की छायाचित्र? हे प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आलेले नाहीत. उपेंद्रकिशोरांच्या काळी त्यांची उत्तरे काच, तांबे आणि शाई यांच्या साहाय्याने शोधावी लागत, आणि उत्तर चुकले तर चित्रकाराचे महिनोन्महिन्यांचे श्रम एका रात्रीत काळ्या डागात जमा होत.

अडचण मुळात खिळ्यांच्या छपाईतच होती. शिशाच्या खिळ्याचा उठावदार माथा शाई घेतो आणि कागदावर सोडतो. खोलगट भाग कोरा राहतो. मधली अवस्था नाही. काळे किंवा पांढरे, करड्याला तेथे जागा नाही. आणि चित्र मजकुराच्या शेजारी त्याच पानात छापायचे तर त्याचा ठसाही खिळ्यांच्याच उंचीचा, म्हणजे इंग्रजी मापाने ०.९१८ इंच, हवा; तो खिळ्यांबरोबर एकाच चौकटीत आवळला जायला हवा. शिळाछापावर रंगीत चित्रे उत्तम निघत. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात काढलेल्या छापखान्यातील देवदेवतांची चित्रे घरोघरी पोचली ती याच मार्गाने. परंतु सपाट दगड आणि उठावाचे खिळे एका यंत्रावर चढत नाहीत. ती चित्रे भिंतीवर शोभली. गोष्टीच्या ओळींमध्ये येऊन बसणे त्यांना शक्य नव्हते. राहता राहिला लाकडी ठसा. चित्रकाराने चित्र काढायचे आणि कोरक्याने ते गुळगुळीत लाकडावर उलटे कोरायचे. चित्रकार आणि वाचक यांच्यामध्ये असा एक तिसरा हात येई, आणि तो हात कुशल असेल याची काहीही शाश्वती नसे.

उपेंद्रकिशोरांचा जन्म १८६३ च्या मे महिन्यात मैमनसिंह जिल्ह्यातील मसूया या गावी झाला. हा प्रदेश आज बांगलादेशात आहे. वडील काली नाथ राय हे संस्कृत, अरबी आणि फारसीचे जाणकार. मुलाचे नाव त्यांनी ठेवले होते कामदारंजन. पाच वर्षांचा होण्यापूर्वीच हरिकिशोर रायचौधुरी या नात्यातील जमीनदाराने त्याला दत्तक घेतले आणि कामदारंजनाचा उपेंद्रकिशोर झाला. घरात पैसा होता, धर्माचारही कडक होता. मुलगा अभ्यासात हुशार, पण त्याचे लक्ष सारखे बासरी, व्हायोलिन आणि कागदावरच्या रेघोट्यांकडे. मैमनसिंहच्या जिल्हा शाळेतून १८८० मध्ये शिष्यवृत्तीसह प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन ते कलकत्त्याला आले. आधी प्रेसिडेन्सी महाविद्यालयात आणि मग मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकून त्यांनी १८८४ मध्ये बी.ए. केले.

कलकत्त्याने त्यांना पदवीपेक्षा मोठे काही दिले. ब्राह्मो समाजाची ओढ लागली आणि त्यांनी त्या पंथाची दीक्षा घेतली. सनातनी दत्तक घराण्याला हे रुचण्यासारखे नव्हतेच. पदवीनंतर लवकरच त्यांचा विवाह द्वारकानाथ गांगुली यांची कन्या बिधुमुखी हिच्याशी झाला. द्वारकानाथ हे स्त्रीशिक्षणासाठी झुंजणारे सुधारक. त्यांच्या द्वितीय पत्नी कादंबिनी गांगुली या देशातील पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत एम.डी. झाल्या त्याच १८८६ साली कादंबिनींनीही कलकत्त्यात वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील १३ क्रमांकाच्या ज्या मोठ्या घरात हे सारे कुटुंब राहत होते, तेथेच समोर ब्राह्मो समाजाचे मंदिर होते. सुखलता, सुकुमार, पुण्यलता, सुविनय, शांतिलता आणि सुविमल ही उपेंद्रकिशोर-बिधुमुखींची सहा अपत्ये. यांपैकी बहुतेकांनी पुढे लेखणी किंवा कुंचला हाती धरला.

मुलांसाठी लिहिण्याची सुरुवात विद्यार्थिदशेतच झाली होती. ‘सखा’ हे बालमासिक १८८३ मध्ये निघाले आणि त्यात उपेंद्रकिशोरांचे लेख येऊ लागले, पुढे ‘मुकुल’मध्येही. प्राणी, तारे, यंत्रे, जुन्या कथा अशा विषयांवर ते साध्या, बोलत्या बंगालीत लिहीत आणि त्या मजकुराला चित्रेही स्वतःच काढीत. अडचण आली ती येथे. मुलांसाठी त्यांनी रामायण लिहिले, त्यासाठी मन लावून चित्रे काढली आणि ती लाकडी ठशांच्या रूपाने छापून आली तेव्हा ती ओळखूही येईनात. चेहऱ्यांवरचे भाव गेले होते, छायेच्या जागी आडव्यातिडव्या रेघा आल्या होते. दुसरा एखादा लेखक हळहळला असता आणि पुढच्या पुस्तकाला लागला असता. उपेंद्रकिशोरांनी मात्र या अपयशाचे कारण शोधायचे ठरवले. ठसा जर कोरक्याच्या हातून बिघडतो, तर तो हातच मधून काढून टाकता येईल काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

युरोप-अमेरिकेत याचे उत्तर नुकतेच हाती आले होते. म्युनिकमध्ये माइझेनबाख यांनी १८८२ मध्ये हाफटोनचे पेटंट घेतले होते. अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ह्ज यांनी त्याच दिशेने काम केले होते. आणि फिलाडेल्फियाचे मॅक्स लेवी १८९० च्या आसपास काचेवर अतिशय बारीक, समान अंतराच्या रेषा आखलेल्या जाळ्या तयार करू लागले होते. उपेंद्रकिशोरांनी पुस्तके मागवून हा विषय वाचून काढला आणि १८९५ मध्ये लंडनच्या पेनरोज कंपनीकडून कॅमेरा, जाळ्या आणि इतर सामग्री मागवली. शिवनारायण दास लेनमधील घरात त्यांनी काम सुरू केले. घरातल्या खोल्यांत कॅमेरा आणि अंधारखोली थाटण्यात आली. व्यवसायाला नाव दिले ‘यू. राय’, मुले हाताशी आल्यावर पुढे ते ‘यू. राय अँड सन्स’ झाले.

हाफटोनची कृती सांगायला सोपी आणि साधायला कठीण आहे. मूळ चित्राचे छायाचित्र घेताना कॅमेऱ्यातील संवेदनशील प्लेटच्या पुढे, तिला न टेकता, ही जाळी धरायची. जाळी म्हणजे समांतर रेषा आखलेल्या दोन काचा, एकीच्या रेषा दुसरीच्या रेषांना काटकोनात येतील अशा चिकटवलेल्या. त्यामुळे मधे हजारो चौकोनी झरोके तयार होतात. चित्रातील प्रकाश या झरोक्यांतून प्लेटवर पडतो आणि अखंड छटांचे ठिपके होतात. उजेडाच्या जागी मोठे, सावलीच्या जागी लहान, पण सारे सारख्याच अंतरावर. ही निगेटिव्ह मग तांब्याच्या पत्र्यावर ठेवायची. पत्र्यावर माशाच्या सरसाचा आणि डायक्रोमेटचा पातळ थर दिलेला असतो. उजेड लागला तेथे हा थर कठीण होतो, न लागला तेथे पाण्याने धुऊन जातो. मग पत्रा तापवून थर पक्का करायचा आणि फेरिक क्लोराइडच्या द्रावात सोडायचा. उघडे तांबे खाल्ले जाते, झाकलेले ठिपके उंच राहतात. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा केला की ब्लॉक तयार. शाई प्रत्येक ठिपक्यावर तितकीच काळी लागते. पण ठिपके लहान असतील तेथे कागदाचा पांढरेपणा अधिक दिसतो आणि डोळा त्यालाच करडी छटा समजतो. फसवणूकच ती, पण मोठी गुणकारी.

सारी गोम जाळी आणि प्लेट यांच्यातील अंतरात होती. ते फार कमी झाले तर ठिपक्यांत लहान-मोठेपणा येत नाही आणि केवळ जाळीची सावली छापली जाते. जास्त झाले तर ठिपके एकमेकांत मिसळून चित्र धूसर होते. त्या काळचे बहुतेक कारागीर हे अंतर अनुभवाने, चाचपडत ठरवीत. चांगला कारागीर आपले अंतर कोणाला सांगत नसे, आणि त्यालाही ते का जमते हे ठाऊक नसे. उपेंद्रकिशोरांना ही अवस्था पटली नाही. या देशात त्यांना विचारायला कोणी नव्हते. शंका आली तर लंडनला पत्र टाकून महिनाभर उत्तराची वाट पाहावी लागणार. विलायती पुस्तकांत दिलेल्या वेळा आणि प्रमाणे तेथील थंड हवेतली. सरस-डायक्रोमेटचा थर तर उष्णता आणि दमटपणा यांना लगेच बाधणारा. अशा वेळी नकलेने काम भागत नाही, नियम हाती लागावा लागतो. म्हणून त्यांनी गणिताचा आधार घेतला.

त्यांनी विचार असा केला. जाळीतील प्रत्येक झरोका हा सुईच्या छिद्राच्या कॅमेऱ्यासारखा वागतो. प्लेटवर तो मूळ चित्राची नव्हे, तर भिंगाच्या छिद्राची इवलीशी प्रतिमा टाकतो. ठिपका म्हणजे ती प्रतिमा. म्हणजे ठिपक्याचा आकार झरोक्याची रुंदी, भिंगाच्या छिद्राचा व्यास, कॅमेऱ्याची लांबी आणि जाळीचे अंतर या चार गोष्टींवर अवलंबून असणार, आणि त्यांचे परस्परांशी ठरावीक प्रमाण असणार. पुढे ब्लॉकमेकरांच्या हाती हेच प्रमाण सूत्ररूपाने आले. जाळीचे अंतर कॅमेऱ्याच्या लांबीच्या जितका भाग, तितकाच भाग झरोका हा छिद्राच्या व्यासाचा हवा. इंचात १३३ रेषांची जाळी घेतली तर तिचा झरोका साधारण इंचाच्या २६६ व्या भागाएवढा असतो. भिंगापासून प्लेटपर्यंत २० इंच आणि छिद्राचा व्यास अर्धा इंच असेल, तर जाळी प्लेटपासून सुमारे ०.१५ इंचांवर, म्हणजे चार मिलिमीटरहूनही जवळ यायला हवी. छिद्र पाव इंचाचे केले की हे अंतर दुप्पट होते. चाचपडण्यात किती काचा वाया जात असतील, याची यावरून कल्पना यावी.

‘पेनरोज’ वार्षिकात त्यांचा जाळीच्या अंतराविषयीचा लेख १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी हाफटोन ठिपक्याची उपपत्ती सांगणारा आणि त्याच्या पुढच्या वर्षी तीच उपपत्ती आकृत्यांनी उलगडणारा लेख आला. १९०१ मध्ये जाळी आपोआप योग्य अंतरावर आणण्याच्या युक्तीवर त्यांनी लिहिले. झरोके फार बारीक असले की प्रकाश सरळ रेषेत न जाता कडेने पसरतो आणि सरळ रेषांचे गणित अपुरे पडते, हे ध्यानात घेऊन त्यांनी पुढे प्रकाशाच्या विवर्तनाचाही विचार केला. नेहमीच्या काटकोनी जाळीऐवजी ६० अंशांत छेदणाऱ्या रेषांची जाळी वापरली तर काय होईल, भिंगात एकाऐवजी अनेक छिद्रे ठेवली तर एका झरोक्यातून अनेक ठिपके कसे मिळतील, हे त्यांच्या नंतरच्या लेखांचे विषय. १९१२ पर्यंत असे नऊ लेख झाले. वार्षिकाचे संपादक विल्यम गॅम्बल हे स्वतः या व्यवसायातील अधिकारी पुरुष; त्यांनी या दूरच्या लेखकाला सातत्याने जागा दिली. पारतंत्र्याच्या त्या काळात विलायती यंत्र विकत घेणारे हिंदी लोक पुष्कळ होते. ते यंत्र का आणि कसे चालते हे ते बनवणाऱ्यांना समजावून सांगणारे विरळाच.

एवढे असूनही उपेंद्रकिशोरांना केवळ तंत्रज्ञ म्हणणे योग्य होणार नाही. त्यांचे बलस्थान हे की चित्र काढणारा, ब्लॉक करणारा आणि पान छापणारा या तिन्ही भूमिका एका माणसात आल्या होत्या. अशा माणसाला चित्राची तयारी शेवटापासून, म्हणजे कागदापासून करावी लागते हे कळते. खरखरीत स्वस्त कागदावर १५० रेषांचा नाजूक ब्लॉक लावला तर ठिपक्यांमधल्या फटी शाईने भरून जातात. तेथे ६५ रेषांची जाडी जाळीच बरी. गुळगुळीत आर्ट पेपर असेल तरच बारीक जाळीचे सौंदर्य खुलते. मूळ चित्र मोठे काढून ब्लॉकमध्ये लहान करायचे तर रेषा तितक्या ठसठशीत हव्यात. अन्यथा लहान होताना त्या नाहीशा होतात. आणि ज्या चित्रात छटाच नाहीत, केवळ रेषा आहेत, त्याला ठिपक्यांची गरज काय? त्याचा जस्तावर साधा लाइन ब्लॉक करावा. तो स्वस्त पडतो आणि खिळ्यांच्या काळेपणाशी जुळूनही येतो. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टुनटुनिर बोई’ या पुस्तकातील चित्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. मांजर, कोल्हा, वाघ, चिमुकला टुनटुनी पक्षी, सारे मोजक्या ठाम रेषांत उभे आहेत, आणि शेजारच्या अक्षरांच्या ओळींत ते उपरे वाटत नाहीत.

कलकत्त्यातील प्रकाशकांना या कामाची किंमत हळूहळू कळू लागली. रामानंद चट्टोपाध्याय यांनी १९०१ मध्ये ‘प्रवासी’ आणि १९०७ मध्ये इंग्रजी ‘मॉडर्न रिव्ह्यू’ सुरू केले. नव्या बंगाली चित्रकारांच्या कलाकृती या मासिकांतून रंगीत छापून देशभर गेल्या, त्यात यू. राय यांच्या ब्लॉकांचा वाटा मोठा होता. रंगीत छपाईसाठी एकाच चित्राचे पिवळा, तांबडा आणि निळा असे तीन ब्लॉक करावे लागतात आणि प्रत्येकासाठी जाळी वेगळ्या कोनात फिरवावी लागते. कोन चुकला तर चित्रावर चौकड्यांची नक्षी उमटते आणि सारा खेळ फसतो. रवींद्रनाथ ठाकूर हे उपेंद्रकिशोरांचे स्नेही. त्यांच्या ‘नदी’ या १८९६ च्या दीर्घ कवितेला उपेंद्रकिशोरांनी चित्रे दिली होती. जगदीशचंद्र बसूंशीही त्यांची मैत्री होती. ब्राह्मो समाजाच्या उत्सवांत त्यांची गीते गायिली जात, त्यांचे व्हायोलिन वाजे. हार्मोनियम शिकवणारे पुस्तकही त्यांनी लिहिले. १९०३ मध्ये त्यांनी मुलांसाठी प्रागैतिहासिक प्राण्यांवर ‘सेकालेर कथा’ लिहिले. एका आयुष्यात इतके सारे कसे मावले, असा प्रश्न पडावा.

मोठा मुलगा सुकुमार १९११ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून छपाई आणि ब्लॉकमेकिंग शिकायला इंग्लंडला गेला. आधी लंडनची तंत्रशाळा, मग मँचेस्टर. वडिलांना ज्या गावाने केवळ लेखांवरून ओळखले होते, त्या गावात मुलगा प्रत्यक्ष गेला. ‘पेनरोज’ वार्षिकात १९१२ मध्ये त्याचाही हाफटोनवर लेख आला आणि पुढच्या वर्षी एका ब्रिटिश छायाचित्रण नियतकालिकात त्याने ब्लॉकसाठी येणाऱ्या मूळ चित्रांचे प्रमाणीकरण कसे करावे, यावर लिहिले. हा विषय वरवर रूक्ष वाटतो. पण ज्याने कधी मळकट, सुरकुतलेले, पिवळे पडलेले छायाचित्र छापण्यासाठी हाती घेतले असेल त्याला त्यातील निकड कळेल. मूळच नीट नसेल, तर कॅमेरा आणि आम्ल यांना दोष देऊन उपयोग नसतो.

सुकुमार १९१३ मध्ये परतले. त्याच वर्षीच्या वैशाखात उपेंद्रकिशोरांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक काढले. नावातच श्लेष होता. संदेश म्हणजे निरोप आणि संदेश म्हणजे बंगाल्यांची आवडती मिठाई. लेखन, चित्रे, ब्लॉक, छपाई असे सारे घरचे. बंगालीत मुलांसाठी इतके देखणे नियतकालिक यापूर्वी नव्हते. येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. दादासाहेब फाळके यांनीही लोणावळ्यात आणि पुढे दादरला ब्लॉक आणि छपाईचा व्यवसाय केला होता, रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले होते. तो धंदा सोडून त्यांनी केलेला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला तो ३ मे १९१३ रोजी. ‘संदेश’च्या पहिल्या अंकाचेही तेच दिवस. दोघांची भेट झाल्याची नोंद नाही. पण कॅमेरा, काच आणि रसायने यांच्याशी झटणारे हे दोघे समव्यवसायी एकाच ऋतूत आपापला सर्वांत मोठा उद्योग लोकांपुढे ठेवीत होते.

गडपार रोडवर १०० क्रमांकाच्या जागेवर उपेंद्रकिशोरांनी स्वतःच्या आराखड्यानुसार घर बांधले आणि १९१४ मध्ये कुटुंब तेथे राहायला गेले. समोरच्या भागात छापखाना आणि ब्लॉकचा विभाग, मागे राहते घर. या वास्तूचा उपभोग त्यांना फार काळ घेता आला नाही. मधुमेहाने त्यांना ग्रासले होते. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सहा-सात वर्षे होती आणि त्या काळी हा विकार जडला की उपाय फारसा नसे. हवापालटासाठी ते गिरिडीहला जाऊन आले. आजारातही ‘संदेश’साठी लिहिणे चालूच होते, गुपी आणि बाघा या दोन बेसूर गवया-वादकांची कथा १९१५ मध्ये त्याच मासिकातून आली. २० डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

‘संदेश’ची आणि व्यवसायाची धुरा सुकुमार यांच्याकडे आली. ‘संदेश’चे ते दिवस बंगाली वाचक आजही आठवतात, कारण सुकुमार यांच्या अचाट विनोदी कविता आणि चित्रे त्यातूनच आली. परंतु काळाजाराने सुकुमार यांनाही १० सप्टेंबर १९२३ रोजी नेले. त्यांचे वय अवघे ३५. मागे राहिलेला मुलगा सत्यजित जेमतेम अडीच वर्षांचा. कर्त्या माणसांवाचून व्यवसाय कर्जात रुतत गेला आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘यू. राय अँड सन्स’ बंद पडली. कॅमेरे गेले, जाळ्या गेल्या, घरही गेले. गडपारच्या त्या वास्तूत पुढे शाळा भरू लागली.

सत्यजित राय १९४३ मध्ये एका जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून नोकरीला लागले आणि सिग्नेट प्रेसच्या पुस्तकांची मुखपृष्ठे करू लागले. रेषा किती जाड ठेवावी, कोणत्या कागदावर कोणता ब्लॉक चालेल, असे आजोबांचे प्रश्न त्यांच्याही टेबलावर आले. १९६१ मध्ये त्यांनी ‘संदेश’ पुन्हा सुरू केला आणि १९६९ मध्ये आजोबांच्या कथेवर ‘गुपी गाइन बाघा बाइन’ हा चित्रपट केला. आजोबांना त्यांनी पाहिलेही नव्हते. पण बालपणीच्या आठवणी लिहिताना त्यांनी गडपारच्या छापखान्याविषयी आवर्जून लिहिले आहे, आणि उतारवयातही टर्पेंटाइनचा वास आला की त्यांना आठवत असे तो ब्लॉकच्या त्या विभागाचा दरवाजा.